रोग पेणचा की रोह्याचा

ते १९९७ साल होतं. कोकण रेल्वे अजून पुरती जोडली गेली नव्हती, डोलवीच्या कारखान्याने पेणच्या पोरांना शिफ्टची सवय लावली होती, आणि आम्ही बेने इस्रायली लोक पेणला नि रोह्याला मिळून इतके थोडे उरलो होतो, की प्रार्थनेला दहा पुरुष जमवायचे तर दोन्ही गावांना एकमेकांची गरज लागे. बाकीचे कधीच इस्रायलला गेले होते. राहिलेल्यांना वेळ भरपूर, त्यामुळे भांडणही नीट निगुतीने चाललेलं.

भांडण होतं एका आजारावरून.

माझ्या सासूबाई पेणच्या लेक, माझ्याच सख्ख्या आत्या, रोह्यात दिलेल्या. त्या पोटात पाणी होऊन गेल्या. त्यांची मुलगी, म्हणजे माझी नणंद, रोह्याची लेक, पेणला माझ्या भावाला दिलेली. तीही तशीच गेली, चाळिशी नुकती ओलांडून. आमचं साटंलोटं होतं. ती माझ्या माहेरी गेली त्याच मांडवात मी तिच्या माहेरी आले. बदल्यात आलेली मी मात्र धडधाकट राहिले, त्याचाही काहींना राग होता.

कॅन्सर हा शब्द आमच्याकडे कुणी उच्चारत नसे. माझे यजमान सॉलोमन रोहेकर, निवृत्त पोस्टमास्तर, म्हणत, "आमच्या घराण्यात असलं काही नाही. आई पेणची होती, तिकडून घेऊन आली. तिथल्या पापडातला खार आतडी खातो."

माझा भाऊ एलियाह पेणकर, पेणच्या मशिदीचा सेक्रेटरी, म्हणे, "माझी बायको रोह्याची होती. तिथलं पाणीच जड." आमच्या सिनेगॉगला आम्ही मशीदच म्हणायचो.

सासरचे म्हणणार, सून बाहेरून आली. माहेरचे म्हणणार, दिली त्या घरची झाली. अशा रीतीने दोन बाया गेल्या आणि रोग कुणाच्याच घरात नव्हता.

त्या वर्षी डॉक्टर अंतरा आल्या. पेणच्याच, गोपाळकृष्ण मास्तरांची मुलगी, मुंबईला एका संशोधन संस्थेत कामाला. त्यांना बायकांच्या बीजकोशाचा कॅन्सर एकेका घराण्यात का उतरतो ते शोधायचं होतं. रविवारी मशिदीच्या अंगणात सभा भरली. विषय बायकांचा, म्हणून पुढच्या खुर्च्यांवर पुरुष बसले आणि आम्ही बायका मागे चहाचं बघत होतो.

अंतराबाईंनी बीजकोश हा शब्द उच्चारला तेव्हा सगळे पुरुष एकदम मंडपाच्या कापडाकडे बघायला लागले.

"कुणाच्या घरात असा आजार झालाय?" त्यांनी विचारलं.

"रोहेकरांत नाय," आमचे हे म्हणाले.

"पेणकरांत तर अजिबात नाय," दादा म्हणाला.

"मग तुमची मंडळी कशानं गेली?" मी चहाचा ट्रे धरून मागून विचारलं.

"तू साखर बघ गो आधी," हे म्हणाले.

अंतराबाई हसल्या. गावच्याच असल्यामुळे त्यांना आमच्याकडून काम कसं काढून घ्यायचं ते ठाऊक असावं, किंवा बोलण्याच्या ओघात त्या म्हणाल्या असतील, मला आजही सांगता येत नाही. त्या म्हणाल्या, "युरोपातून आलेल्या ज्यू लोकांत या आजाराचा एक ठरावीक दोष सापडलाय, रक्तातून पिढ्यान्‌पिढ्या आलेला. फार जुना आहे म्हणतात. तो तुमच्यात आहे का, हे अजून कुणी नीट पाहिलेलं नाही."

अंगणातले म्हातारे खुर्चीत पुढे सरकले. ते कशासाठी, हे आमच्यातल्या माणसालाच कळेल. आमचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले, तेल गाळून जगले, शनिवार पाळला. आणि एवढं करून इस्रायलला गेलेल्या आमच्या लोकांना तिकडच्या धर्मगुरूंनी विचारलं होतं, तुम्ही खरे ज्यू कशावरून? ते शल्य आमच्या म्हाताऱ्यांच्या छातीत अजून होतं.

"म्हणजे," दादा सावकाश म्हणाला, "तो दोष आमच्यात निघाला, तर आम्ही नि ते एकाच मुळाचे?"

"तसा एक धागा..."

"पेणकरांचं रक्त आधी घ्या!" दादा उठलाच. "माझी आत्या तशीच गेली. म्हणजे यांची आई. दोष मूळचा आमचा!"

"तुमचा कसा?" हे कडाडले. "माझी आई, माझी बहीण! दोघी रोहेकरांच्याच घरच्या. दोष आमच्या घरातला हाय. पेणकरांनी पापड लाटावे."

"आत्ता म्हणत होतात, आमच्यात नाय!"

"तेव्हा मला त्याची प्राचीनता म्हाईत नव्हती."

दोघांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. आमच्या यांना सुई टोचण्याआधीच घेरी आली, तो भाग वेगळा. लिंबूपाणी प्यायल्यावर शुद्धीत येऊन ते पहिलं वाक्य बोलले ते असं, "आधी कुणाचं घेतलं?"

तेवढ्यात तामार पुढे आली. तामार आमची एकुलती मुलगी, पेणला बँकेत. नवरा एझ्रा डोलवीला शिफ्टमध्ये, मुलगी शीरा तेव्हा शाळेत. तामारची चाळिशी जवळ आली होती, आणि आत्या कुठल्या वयात गेली हे तिला कुणी सांगावं लागत नव्हतं.

"डॉक्टर, दोष बाबांच्या घरातला असला, तर मला येईल का?"

"तुला कसा येईल?" हे म्हणाले. "बाईचं दुखणं बाईकडून जातं. तुझी आई बघ, घोड्यासारखी हाय."

अंतराबाई म्हणाल्या, "नाही काका. बापाकडूनही येतो. त्याला स्वतःला हा आजार होत नाही, पण मुलीला द्यायची शक्यता निम्मी."

यांनी वर केलेली बाही खाली ओढली. मग दादाकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "एलियाह, तुझा हक्क जुना हाय. तुझाच असू दे दोष."

त्या दिवशी त्यावर कुणी हसलं नाही.

अंतराबाईंनी तामारला बाजूला घेऊन सांगितलं, की रक्ताचा निकाल यायला वर्षही लागेल आणि तो संशोधनासाठी आहे. पण घरातली दोन मरणं बघता मुंबईच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना भेटावं. तामार भेटली. त्या बाई म्हणाल्या, मूल आणखी नको असेल तर बीजकोश काढून टाकणं हा एक मार्ग आहे. लवकर काढलेले बरे.

घरी तेवढ्यावरून रण माजलं. एझ्रा सभ्य माणूस, त्यामुळे स्वतःचं मत नसलेला. "तुझे बाबा म्हणतील तसं," म्हणून तो सेकंड शिफ्टला गेला. बाबा म्हणाले, "निकाल येऊ दे. दुखत नाय, खुपत नाय, आणि चांगला अवयव कोण काढतं? लोक काय म्हणतील?"

"निकाल त्यांच्या अभ्यासासाठी हाय बाबा, माझ्यासाठी नाय," तामार म्हणाली. "मला शीराचं लग्न बघायचंय."

"देवाने दिलेलं काढायचं नाय."

"सुंता करताना काय करतो आपण?" मी विचारलं.

"तू गप बस."

मी गप्प बसले नाही, पण माझ्या बोलण्याने ते हलणार नव्हते. तामार आठवडाभर आमच्याकडे आली नाही.

मग दादा एसटीने रोह्याला आला. एकटा, वहाणा धुळीने भरलेल्या. आमच्याकडे पाणीसुद्धा न घेता यांच्यासमोर बसला.

"भावजी, तुमच्या बहिणीचं शेवटचं साल तुम्हाला सांगितलंच नाय मी कधी."

"म्हाईत हाय मला."

"नाय म्हाईत. आम्हाला मूल नव्हतं. तिचं पोट वाढायला लागलं तेव्हा आम्हाला वाटलं, नवस फळला. या वयात, पण फळला. तिलाही वाटलं. लाजायची. मी एलियाहू नबीचा मलिदा केला, आभाराचा. पोहे, गूळ, खोबरं, पाच फळं, सगळं रीतसर. बायकांनी तिला हिरव्या बांगड्या भरल्या. डॉक्टरकडे कशाला न्यायची? आनंदाच्या गोष्टीला डॉक्टर लागतो होय?"

मला तो मलिदा आठवत होता. खोबरं मीच खवलं होतं, आणि वन्संचे गाल किती बसलेत असं मनात आलं तेव्हा आम्ही सगळ्या म्हणालो होतो, पहिलटकरणीचं असंच असतं.

दादा म्हणाला, "पोरगी स्वतःच्या पायांनी डॉक्टरकडे निघालीय भावजी. तिला अडवू नका. दोष कुणाचा ते आपण नंतर भांडू."

आमच्या यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "गाडी किती वाजता हाय मुंबईची?"

ऑपरेशनला ते तामारबरोबर गेले. इस्पितळात ओळखपाळख नसताना प्रत्येकाला सांगत, "माझ्याकडूनच आलंय तिला, बापाकडूनही येतं, तुम्हाला ठाऊक हाय का?" जणू पोस्टात नवी योजना आली होती. काढलेल्या बीजकोशात एका बाजूला मसुरीएवढी वाईट गाठ निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून बाहेर गेली नव्हती. त्यावर आमच्या यांना पुन्हा घेरी आली.

रक्ताचा निकाल पुढल्या वर्षी आला. युरोपातल्या ज्यूंचा तो दोष रोहेकरांत नव्हता आणि पेणकरांतही नव्हता. अंतराबाईंनी समजावलं की आम्ही एकाच जागी शोधलं, दोष दुसरीकडे असू शकतो. पण दोन्ही गावांत सुतकी कळा पसरली. बाजारात भेटलेले लोक "सुटलात!" म्हणून हात हातात घ्यायचे आणि आमचे म्हातारे मान खाली घालायचे.

आता त्यातले थोडेच आहेत. दादा पेणलाच वारला. शेवटपर्यंत सेक्रेटरी होता, जरी पत्र पाठवायला सभासद उरले नव्हते. आमचे हे त्याच्यानंतर दोन वर्षांनी गेले, हृदयाने, झोपेत. अंतराबाई पुण्याला मोठ्या पदावर चढल्या. आमच्या लोकांवरच्या त्यांच्या लेखात आम्ही सगळे मिळून एका ओळीत आहोत, असं त्यांनीच मला हसत सांगितलं. एझ्रा आणि तामार इस्रायलमध्ये अश्दोदला असतात. एझ्राला तिकडे मत फुटलं आहे आणि तो ते सगळ्यांना ऐकवतो. तामार सत्तरीकडे निघाली, तिथल्या बायकांना पापड लाटायला शिकवते. शीराने लग्नानंतर तिकडेच पुन्हा तपासणी केली. दोष निघाला, दुसऱ्याच जागी, अंतराबाई म्हणाल्या होत्या तसाच. तिला दोन मुलगे झाले, मग तिनेही कुणाला न विचारता आईसारखंच करून घेतलं आणि मला फोनवर सांगितलं. मी रोह्यात आहे. गुडघे सोडले तर मला काही झालेलं नाही.