दुसऱ्या आवाजाआधी

"पट्टा नवा, बंदूक नवी. आता नाव ठेवायला जागा नाही," असं म्हणत ह्यांनी यंत्र उलटं केलं आणि तळाचे स्क्रू आवळायला घेतले. महिन्याभरातली ही तिसरी दुरुस्ती.

यंत्र मुळात पाव करायचं. लेकीला लग्नात मिळालेलं, तिने एकदाही न वापरता आमच्या गळ्यात मारलेलं. ह्यांना कॉफीचं वेड, आणि हातांना स्वस्थ बसणं माहीत नाही. आतला तापायचा भाग त्यांनी काढून टाकला, कणीक मळायचं पातं तेवढं ठेवलं. भांड्यात कॉफीच्या कच्च्या बिया टाकायच्या, पातं त्या फिरवत राहणार, आणि झाकणाला पाडलेल्या भोकातून गरम हवेची बंदूक. तीच ती, भिंतीचा जुना रंग उतरवायची.

बिया तापल्या की लाह्यांसारख्या फुटतात, तो पहिला आवाज. तो थांबला की थोड्या वेळाने बारीक तडतड सुरू होते, तो दुसरा. बटण बंद करायचं ते दोन्हींच्या मध्ये. जरा उशीर झाला की कोळसा. "रंग बघून भाजतो तो नवशिका," अशी ह्यांची ऐट. ती त्यांना शोभायचीही. बारा मजल्यांच्या ह्या इमारतीची एकुलती एक लिफ्ट त्यांनी आयुष्यभर कानावर सांभाळली. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि कुठलं बेअरिंग कुरकुरतंय ते सांगायचं. तळमजल्यावरची आमची खोलीही त्या नोकरीबरोबरच मिळालेली.

पण महिनाभर बियांचा कोळसा होत होता. आधी पातं फिरवणाऱ्या पट्ट्याला शिव्या खाव्या लागल्या, मग बंदुकीला, मग बिया विकणाऱ्याला. मी म्हटलं, भंगारात द्या ते. ह्यांनी ऐकलंच नाही.

आणखी एक खूळ डोक्यात शिरलं होतं. हे हल्ली जिन्याने चढायचे. लेक नवव्या मजल्यावर राहते, तिला आठवा महिना. तिला खाली उतरायची सक्त मनाई. दूध, भाजी, औषधं, सगळं हे पायऱ्या चढून नेऊन द्यायचे, आणि गुडघ्यांच्या नावाने बोंब तर रोजचीच. शेजारी म्हणायचे, बाप असावा तर असा. मी म्हणायचे, ही तर आचाऱ्याने स्वतःच्या हातचं न खाण्यातली गत. त्यावर हे म्हणायचे, पोट कमी करतोय.

परवा मी लिफ्टने वर जात होते, तर सहाव्या मजल्याच्या पुढे डोक्यावर काहीतरी करकरलं. थांबलं, पुन्हा करकरलं. घरी येऊन ह्यांना सांगितलं. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले, बराच वेळ. मग म्हणाले, "तेल घातलंय. बसेल हळूहळू." माझ्या मनाला काही ते पटलं नाही. पण लिफ्टमधलं कळतं कोणाला, त्यांना की मला?

तर आज स्क्रू आवळून झाले आणि हे म्हणाले, "तू समोर बस. तू असलीस की यंत्र नीट चालतं."

ह्या वयात लाडीगोडी, असं म्हणत मी मटार सोलायला घेऊन समोर बसले. पातं फिरलं, बिया खुळखुळल्या, बंदूक घोंघावायला लागली. थोड्या वेळाने पहिली बी फुटली आणि माझी मान आपोआप वर झाली. हे यंत्राकडे बघतच नव्हते. माझ्याकडे बघत होते. माझी मान वर झाली तसा त्यांचा हात बटणाजवळ आला. फटफट थांबली, मी पुन्हा मटारात डोकं घातलं, आणि त्यांनी बटण बंद केलं. बिया अगदी हव्या तशा, तांबूस.

"बघ," ते म्हणाले, "यंत्र सुधारलं."

कोळसा झालेला एकेक दिवस आठवला. एकदा मी बाजारात होते, एकदा दवाखान्यात, एकदा लेकीकडे. यंत्राला कधी काही झालंच नव्हतं. नवरा बायकोचं ऐकत नाही, ह्यात आजवर कुणाला आजार दिसलाय? मलाही दिसला नाही. पण माझ्या तोंडाकडे बघून इथे बिया भाजता येतात. वर मोटरच्या खोलीत हे कोणाच्या तोंडाकडे बघत होते? तिथे तर हे एकटेच असतात.

"आणखी एक घाणा होऊ द्या," मी म्हटलं.

ह्यांनी खुशीत बिया ओतल्या. मी मान खाली घातली. नोकरी गेली की ही खोली जाणार, ते मला कळत होतं. एकदा मान वर केली असती तर सगळं होतं तसंच राहिलं असतं. पण माझी पोर नवव्या मजल्यावर होती, दोन जिवांची, आणि कळा सुरू झाल्या की तिला त्याच लिफ्टने खाली आणायचं होतं.

फटफट सुरू झाली. मी सोललेलीच शेंग पुन्हा सोलत राहिले. फटफट थांबली. मग तडतड. त्यांची नजर माझ्या कपाळावर जाणवत होती. रडू आवरत नव्हतं, तरी मी मान वर केली नाही. झाकणातून काळा धूर यायला लागला तेव्हा त्यांनी बटण बंद केलं.

"वाजलं होतं?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही वाजले."

त्यांनी यंत्रावर हात ठेवला. म्हणाले, "मला वाटत होतं, यंत्रच असेल."

उठून त्यांनी हात धुतले. लिफ्टच्या कंपनीला फोन करायचा म्हणाले, पण फोन माझ्या हातात दिला. मी बोलून होईपर्यंत त्यांनी दारामागची 'लिफ्ट बंद' ही पाटी काढली, लिफ्टच्या दाराला अडकवली आणि समोर स्टूल टाकून बसले.

तेवढ्यात चौथ्या मजल्यावरचे वकील आले आणि चिडून काहीतरी म्हणाले. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या कानाशी वाकून मोठ्याने सांगितलं, "विचारतायत, चालू लिफ्ट बंद का केली."

"वरची मोटर करकरते असं ही म्हणते," हे वकिलांना म्हणाले. "मला ऐकू येत नाही."

वकिलांनी बॅग दुसऱ्या हातात घेतली आणि जिना चढायला लागले. हे पाठ ताठ ठेवून बसून राहिले. मी आतून दुसरं स्टूल आणलं.