शिक्का न मारलेली सही

आमच्या ह्यांना चांगल्या कागदावर डाग पडलेला खपत नाही. छापखाना काढून बावीस वर्षं झाली, तरी नवा कागद आला की आधी त्यावरून हात फिरवतात आणि मग माझ्याकडे बघतात. मी त्याला सवत म्हणते.

याच खोडीपायी घर धोक्यात आलं. छापखाना कंपनीच्या नावावर, घर आम्हा दोघांच्या. कंपनी बुडाली तरी घराला धक्का नाही, अशी माझी समजूत. पण कागदाच्या व्यापाऱ्याने उधारीचा करार पाठवला तो जाड, सायीसारख्या कागदावर. ह्यांनी कंपनीचा शिक्का उचलला, त्याची शाई पसरते हे आठवलं आणि ठेवून दिला. नुसती सही ठोकली, तीही वळणदार.

वर्षभरात आमचं मोठं गिऱ्हाईक पैसे बुडवून पसार झालं आणि कागदाची उधारी थकली. माझी भाची वकील आहे. तिने करार वाचून चष्मा काढला.

"मावशी, शिक्का नाही, त्यामुळे यात कंपनी कुठेच नाही. काकांनी स्वतः हमी घेतलीये. घरातला त्यांचा अर्धा वाटा जाऊ शकतो. तुझा नाही, तुझी सही नाही."

"शाई पसरली असती गं," हे म्हणाले.

दोन दिवस मी ह्यांच्याशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणतात कसे, "तू स्वयंपाकघराकडची बाजू ठेव. तिकडे उजेड आहे." काय बोलावं या माणसाला? मला रडूच आलं.

मग व्यापारी स्वतः छापखान्यात आले. माणूस वाईट नव्हता. "दोन वर्षांत हप्त्यांनी फेडा, घराला हात लावत नाही," म्हणाले. "पण वहिनींचीही हमी लागेल."

त्यांनी नवा करार पुढे ठेवला. ह्यांनी आधी सही केली. भाचीने माझा हात धरला. "मावशी, अर्धं तरी वाचव."

हे उठून उभे राहिले. "तिला यात ओढू नका."

"बसा," मी म्हटलं. "बावीस वर्षं इथली प्रुफं मीच तपासतेय. आता ओढायची काय राहिलेय?"

मी ह्यांच्या सहीखाली सही केली. ह्यांनी घाईघाईने शिक्का माझ्याकडे सरकवला. "निदान हा तरी मार. कंपनीतर्फे होईल, तू सुटशील."

मी शिक्का उचलून खणात टाकला.

"राहू द्या," मी म्हटलं. "कागद चांगला आहे."