पालथी काहील

मी एक जुनी, तीन पायांची लोखंडी काहील आहे, मित्रांनो, आणि सध्या पालथी पडले आहे. असं पडून बोलायला मला मुळीच आवडत नाही. पण सुलटी करायला कुणाला सवड नाही, तेव्हा असंच ऐका.

अलाबामातल्या एका कापसाच्या मळ्यावर माझा जन्म गेला. धुणं उकळायचं, साबण शिजवायचा, ही माझी कामं. ती करणारी माणसंही माझ्यासारखीच मालकाच्या मालकीची होती. त्यांना जमून प्रार्थना करायला बंदी. अक्षर ओळखलं तर चाबूक. म्हणून ती लपून जमत आणि मला दारात पालथी घालत. काहील आवाज पोटात घेते, अशी त्यांची समजूत. मी कसला आवाज घेणार! पण त्यांच्यातल्या व्हायनीमावशीचा माझ्यावर पक्का भरवसा होता.

त्यांच्यातच आयझमही होता. एका फाटक्या पानावरून तो अक्षरं जुळवायचा. गुलामी सुटली तेव्हा केस पांढरे व्हायला लागलेला हा बाप्या शहरात जाऊन चिमुरड्यांच्या बाकावर बसला. पोरं त्याला 'आजोबा' म्हणून चिडवत. शिकून परतला आणि कापसाच्या रिकाम्या कोठारात त्याने शाळा काढली. मला वाटलं, आता माझ्यात पोरांसाठी चवळी शिजेल. कसचं काय! पहिल्याच सकाळी व्हायनीमावशीने मला दारात पालथी घातली.

"मावशी, आता कायदा आपल्या बाजूचा आहे. उचल ती काहील."

"कायदा असेल. पलीकडचा मळेवाला आहे का?"

"अगं, ती दारात बघून सगळी पोरं कुजबुजतात! मला वर्गात ऐकू येत नाही."

"मग कान धुऊन ये. एवढा शिकलास आणि एवढं कळेना?"

रोज तो मला सुलटी करायचा, रोज ती पालथी घालायची. मी वैतागून गेले.

मग जिल्ह्याचा गोरा साहेब शाळा तपासायला आला. त्याने होकार दिला तर पुस्तकं आणि धड छप्पर मिळणार होतं. मुलं वाचायला उभी राहिली. नुसते ओठ हलले.

"मोठ्याने, पोरांनो, मोठ्याने!" आयझम काकुळतीला आला.

"पुटपुटण्याला वाचन म्हणत नाहीत," साहेब म्हणाला आणि बग्गीत बसला.

आयझम पायरीवर मटकन बसला. "ह्याच्यासाठी मी आजोबा म्हणवून घेतलं?"

मुलांच्या मागे बसून अक्षरं शिकलेली व्हायनीमावशी शाळेतलं एकुलतं पुस्तक घेऊन बाहेर आली. कण्हत कण्हत तिने मला सुलटी केली. मग रस्त्याकडे तोंड करून, अडखळत, खणखणीत आवाजात वाचू लागली.

"आता कशाला, मावशी? गेला तो."

"त्याच्यासाठी कोण वाचतंय? तू ऐक. चुकलं तर सांग."

तिच्यामागून मुलंही वाचू लागली. पुस्तकं काही आली नाहीत. छप्पर गळतच राहिलं. पण त्या दिवशी माझ्यात चवळी शिजली.

आता तिथे विटांची शाळा आहे. अंगणात माझ्याशेजारी पाटी लावली आहे: 'ही काहील आवाज गिळत असे.' अजून तेच! आणि पाणी साचू नये म्हणून कुणीतरी मला पुन्हा पालथी घातली आहे. मुलं येतात, पाटी मनात वाचतात, जातात.

मित्रांनो, माझा गंज घासा किंवा राहू द्या. पण मला सुलटी करा. पाणी साचलं तर ओतून टाका. आणि ती पाटी वाचणार असाल, तर मोठ्याने वाचा. चुकलात तर मी सांगेन.