अकराशे किलोमीटर

ताई वीस वर्षं विमानतिकिटांच्या कचेरीत बसलेली. कोणतं विमानतळ कुठून किती लांब, हे ती पाढे म्हणावेत तसं सांगायची. म्हणूनच धाकटी बहीण नवऱ्याचा मार खाऊन, सुजलेला डोळा घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा ताईने तिला धीर दिला, "मध्ये अकराशे किलोमीटर आहेत. तो काय उडत येणार आहे?"

तो उडतच आला.

चौथ्या दिवशी सकाळी साडेनऊला मेहुण्याचा फोन. "ताई, विमानात बसलोय. तिला तयार ठेवा. नाहीतर दोघींना बघून घेईन." आवाज अगदी शांत.

ताईने पोलिसांना फोन लावला. "अजून काही घडलं नाही ना? आला की कळवा," पलीकडचा म्हणाला.

ताईने हिशेब मांडला. विमानाचे दोन तास दहा मिनिटं, पुढे रस्त्याचा पाऊण तास. म्हणजे साडेबारा. लपायला ताईच्या ज्या मैत्रिणीकडे जायचं ठरवलं, ती बाराला घरी यायची. वेळ भरपूर होता. तिकिटावरची वेळ कंपन्या सढळ हाताने लिहितात, पाठीवर वारा असला की विमान त्याच्याही आधी उतरतं, हे ती गिऱ्हाइकांना रोज सांगायची. त्या दिवशी स्वतःला सांगायचं राहून गेलं.

पावणेबाराला दारावर लाथ बसली. तिसऱ्या लाथेला कडी उखडली. ताई आडवी आली, तशी त्याने तिचे केस धरून तोंड चौकटीवर आपटलं. दोन दात जिभेवर आले. मग तो धाकटीकडे वळला, तिला भिंतीशी दाबून गळा आवळू लागला. तिच्या टाचा जमिनीवर खडखडत होत्या.

टेबलावर इस्त्री होती, जुनी, जड. ताईने ती दोन्ही हातांनी उचलून त्याच्या कानामागे हाणली. तो कोसळला. पुन्हा उठायला बघत होता, पण हात घसरत होते.

खोकता खोकता धाकटीने ताईच्या हातातून इस्त्री काढून घेतली. त्याच्या गुडघ्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज आला. तो ओरडला. तिने पुन्हा घातली, आणि पुन्हा.

बस कर, असं ताईला म्हणता आलं असतं. तोंड रक्ताने भरलं होतं, पण गप्प राहण्याचं कारण ते नव्हतं.

पोलीस आले, तेव्हा धाकटी पलंगावर बसून ताईचं तोंड पुसत होती.

त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. खटल्यात त्याच्या वकिलाने ताईला विचारलं, "माझा अशील खाली पडल्यावर त्याचा गुडघा कोणी फोडला?"

"मी," ताई म्हणाली. "घाबरले होते."

धाकटीने मान वर केली. ताईने तिच्याकडे पाहिलं नाही.