बिनचूककाकांची साक्ष

"फक्त पाच मिनिटं," पाळक म्हणाले. "येत्या रविवारी, प्रवचनाच्या आधी. तुमची साक्ष हवी आहे."

"कशाबद्दल?"

"आनंदाबद्दल. टिकणाऱ्या आनंदाबद्दल."

"तारीख?"

"रविवारीच म्हटलं ना, काका."

"ती नव्हे. घटनेची तारीख."

पाळक हसले. त्यांना वाटलं, काका गंमत करताहेत. काका गंमत करत नव्हते. काका कधीच गंमत करत नसत आणि हीच त्यांच्यातली सगळ्यात मोठी गंमत होती.

एकतीस वर्षं त्यांनी कोर्टात साक्षी टाइप केल्या होत्या. साक्षीदार पिंजऱ्यात उभं राहून बोलायचा, न्यायाधीश त्याचं बोलणं सरळ करून सांगायचे आणि काकांची बोटं ते कागदावर उतरवायची. खाडाखोड नाही, अक्षरावर अक्षर नाही. म्हणून कोर्टातल्या लोकांनी त्यांचं नाव 'बिनचूक' ठेवलं. नोकरी संपली, पण नाव काही निवृत्त झालं नाही. ते त्यांच्या मागोमाग चर्चमध्येही आलं आणि तिसऱ्या बाकावर त्यांच्या शेजारी बसलं.

आता चर्चमध्ये साक्ष म्हणजे वेगळी गोष्ट. कुणीतरी उभं राहतं, प्रभूने आपल्याला काय काय दिलं ते सांगतं, मंडळी 'आमेन' म्हणतात. काकांना हे कळत नव्हतं असं नाही. पण एकतीस वर्षांची खोड. कुणी साक्ष द्यायला लागलं की काका मनातल्या मनात फुल्या मारत. 'शेजारीण सांगत होती' म्हणजे ऐकीव, बाद. 'मला आतून वाटलं' म्हणजे तर्क, बाद. पुष्कळदा शेवटी आमेनच तेवढं उरे.

"मीच का?" त्यांनी विचारलं.

"काकूंना जाऊन दीड वर्ष झालं. तुम्ही एकदाही कोलमडला नाहीत. दफनविधीला सगळी गीतं उभं राहून म्हटलीत. लोक बघत असतात, काका." पाळकांनी आवाज खाली आणला. "आणि टेलरबाई येणार आहेत."

टेलरबाई आणि तिचा नवरा एकाच दुकानात दोन मशिनांवर शिवायचे. नवरा तीन महिन्यांपूर्वी गेला. तेव्हापासून तिने चर्चचं तोंड पाहिलं नव्हतं.

"हिने हातापाया पडून एका रविवारपुरतं तयार केलंय त्यांना," पाळक म्हणाले. ही म्हणजे पाळकबाई. "माझं प्रवचन त्या ऐकायच्या नाहीत. मी तिशीतला माणूस, माझं काय गेलंय? तुमचं ऐकतील. ऐकल्या तर राहतील, नाहीतर गेल्या."

काका हो म्हणाले. नाही म्हणायला त्यांना कारण सापडलं नाही, आणि जे कारण होतं ते सांगण्यासारखं नव्हतं.

त्या दुपारी ते जुन्या टाइपरायटरपुढे बसले. साक्ष द्यायची तर ती लिहून काढायला हवी. सवयीने बोटं चालू लागली.

*माझे वय सदुसष्ट वर्षे. मी निवृत्त आहे. मी जन्मापासून ख्रिस्ती आहे. मयत ही माझी पत्नी होती. तिच्या मृत्यूनंतर मी आनंदी आहे.*

शेवटचं वाक्य वाचून ते दचकले. हे एखाद्या आरोपीने दिलेल्या कबुलीसारखं दिसत होतं. त्यांनी नवा कागद घातला.

*तिच्या मृत्यूनंतरही मी आनंदी आहे.*

'ही' घातल्यावर जरा सभ्य झालं. पण खरं झालं का?

काकांचा खरा घोटाळा इथे होता. बायकोच्या दफनविधीला ते रडले नाहीत, ही गोष्ट खरी. पण कोर्टात काय काय ऐकलं होतं त्यांनी. पोरीला गमावलेली आई समोर उभी राहून हंबरडा फोडत असे आणि टाइप करणाऱ्याची पापणीसुद्धा हलता कामा नये. न हलणारी ती पापणी घेऊनच ते कबरीपाशी उभे होते. लोक तिला विश्वास म्हणाले. काकांना वाटे, ही निव्वळ नोकरीची सवय. आणि मग वाटे, कशावरून? विश्वाससुद्धा सवयीसारखाच येत असेल तर? ह्या दोन्ही गोष्टी आतून सारख्याच लागतात आणि बाहेरून तर सारख्याच दिसतात.

शास्त्राने तरी त्यांचा गोंधळ कमी करावा! तिथे आनंद करा, अशी सरळ आज्ञा आहे. स्वयंपाक करा म्हणतात तसा आनंद कसा करायचा, हे त्यांना कधी उमगलं नव्हतं. आणि रडणाऱ्यांनाच प्रभूने धन्य म्हटलं, ही तर नकल करणाऱ्याची चूक असावी, असं त्यांना लहानपणापासून वाटत आलं होतं. वाक्यातला एखादा 'न' गळला असणार.

तिसऱ्या कागदावर त्यांनी स्वतःचीच उलटतपासणी घेतली. उलटतपासणीचे जबाब नेहमी त्याच एका साच्यात लिहायचे.

*मी दुःखी आहे हे म्हणणे खरे नाही. मी दुःखी नाही हे म्हणणेही खरे नाही. मला पत्नीची आठवण येत नाही हे म्हणणे खरे नाही. मी खोटी साक्ष देत आहे हे म्हणणे*

बोटं तिथे थांबली. हजारो साक्षींचा शेवट त्यांनी याच वाक्याने केला होता, डोळे मिटूनसुद्धा ते टाइप करता आलं असतं. पुढचे दोन शब्द काही उमटेनात.

शाळेत शिकवणारी लेक घरी आली, पर्स टेबलावर टाकली आणि कागद वाचून हसत सुटली.

"बाबा, हे काय? चर्चमध्ये बोलायचंय, पिंजऱ्यात नाही. साधं सांगा ना, आई किती शांत गेली ते. मी सगळ्यांना तेच सांगते."

"तू होतीस का तिथे?"

लेकीचं हसू थांबलं. "औषध आणायला खाली गेले होते ना मी. तुम्हाला माहितीय."

"मग तू सांगतेस ते ऐकीव."

"तुमच्याकडूनच ऐकलंय! मी वर आले तेव्हा तुम्हीच म्हणालात, गेली, शांतपणे गेली."

काकांनी कागद मशीनमधून ओढून काढला. चहा टाक म्हणाले. लेकीने टाकला. त्या एका वाक्यावर तिने दीड वर्ष काढलं होतं, हे त्यांना दिसत होतं. आणि ते वाक्य बिनचूक नव्हतं, हे जगात फक्त त्यांना माहीत होतं.

शनिवारी ते टेलरबाईच्या दुकानात गेले. निमित्त पँटचं. खरं म्हणजे आपण कुणासमोर बोलणार आहोत ते त्यांना एकदा बघून घ्यायचं होतं.

दोन मशिनांपैकी एकावर कापड झाकलेलं होतं. टेलरबाईने टेप काढली आणि काकांच्या कमरेला गुंडाळली.

"दोन इंच कमी झालात की हो. आणि उद्या आनंदावर बोलणार आहात म्हणे!"

"आनंद कमरेत मोजत नाहीत," काका म्हणाले.

ती हसली. वहीत आकडे लिहिता लिहिता, वर न बघता म्हणाली, "मी येणारे उद्या. पाळकबाईंना शब्द दिलाय. पण आधीच सांगते काका, मला ते गोड गोड नको. सगळे येऊन तेच सांगून जातात, शांत गेले, प्रभूपाशी गेले, आता रडू नका. तुम्ही कसं जमवलंत तेवढं खरं सांगा. नसेल जमत मला तर नसेल. पण खरं असलं पाहिजे."

"पँट कधी मिळेल?" काकांनी विचारलं. तिने मंगळवार सांगितला. ते घरी आले आणि तिन्ही कागद पुन्हा वाचले. एकातही तिला देण्यासारखं काही नव्हतं.

जे देण्यासारखं होतं ते दिलं असतं तर लेकीचं ते एक वाक्य मोडलं असतं. आणि टेलरबाईला तरी त्यातून काय मिळणार? आणखी कुणीतरी घाबरून मेलं, एवढंच? काका खोलीत येरझाऱ्या घालत राहिले. शेवटी त्यांनी आपली बाजू अशी मांडली की बायकोचं शेवटचं बोलणं हे दुसऱ्याचं बोलणं, सबब ऐकीव, सबब बाद. सुटलो, असं वाटून ते खुर्चीत बसले. आणि बसल्याबसल्याच त्यांना आठवलं, मरणाऱ्या माणसाचं बोलणं कोर्ट बाद करत नाही. उलट ते जपून ठेवतं. सांगायला तो माणूस परत येणार नसतो म्हणून.

रविवारी चर्च बऱ्यापैकी भरलं होतं. लेक तिसऱ्या बाकावर. टेलरबाई सगळ्यात मागे, दाराजवळ, पटकन निघता येईल अशी. पाळकांनी काकांचं नाव घेतलं. काका पुढे जाऊन उभे राहिले. हात कुठे ठेवायचे ते कळेना, कारण असं उभ्याने बोलायचं काम दुसऱ्यांचं असायचं.

"मला आनंदाची साक्ष द्यायला सांगितलंय," ते म्हणाले. "मी तीन दिवस लिहीत होतो. मी आनंदी आहे असं मला शपथेवर सांगता येत नाही. नाही असंही सांगता येत नाही. सकाळी खिडकी उघडली की कधीकधी बरं वाटतं, आणि मग बरं वाटल्याचं वाईट वाटतं. त्याला काय म्हणतात ते मला माहीत नाही."

कुणीतरी खोकलं. पाळकांनी प्रवचनाचे कागद उगाचच सारखे केले.

"म्हणून जे मी स्वतः पाहिलं आणि ऐकलं तेवढंच सांगतो. ही गेली त्या दिवशी दुपारी सव्वातीनची वेळ होती. खोलीत आम्ही दोघंच. मी तिला स्तोत्र वाचून दाखवत होतो. ती म्हणाली, मला भीती वाटतेय."

लेकीने मान वर केली.

"मी पुस्तक मिटलं. मला वाटलं, आता वाचून काय उपयोग. हिने जन्मभर प्रार्थना केल्या, माझ्या वाटच्यासुद्धा केल्या. तिलाच भीती वाटत असेल तर माझ्यासारख्याने काय धरायचं? तर ती म्हणाली, मिटू नका. भीती वाटतेय म्हणून तर वाचा. मग मी वाचलं. आवाज लागत नव्हता. एक ओळ मी दोनदा वाचली. ती तिने पकडली. म्हणाली, म्हणे बिनचूक! आणि हसली."

ते थांबले.

"ते हसणं भीती गेल्यावरचं होतं की भीतीतलंच, ते मला सांगता येत नाही. मी विचारलं नाही. मी पुढची ओळ वाचली. पान संपलं तेव्हा ती नव्हती. माझ्या आठवणीत त्या दिवसाचं तेवढं हसणं टिकलंय. त्याला आनंद म्हणायचं असेल तर म्हणा. बाकी मला काही माहीत नाही."

ते जागेवर येऊन बसले. आमेन कुणी म्हणालं नाही. कशाला म्हणायचं ते कुणाला कळलं नसावं. पाळक उठले, कागद बघितले, आणि ठरवलेलं प्रवचन सुरू करून दोनदा मध्येच अडकले.

उपासना संपल्यावर लोकांनी काकांशी हात मिळवले, पण हवापाण्याचंच बोलले. लेक शेजारीच बसून राहिली होती. तिचे डोळे लाल झाले होते.

"मला का नाही सांगितलंत?"

"मीच शांत गेली म्हणालो, आणि तू सगळ्यांना तेच सांगत सुटलीस. तुला खोटं पाडायचं नव्हतं."

ती चिडली होती, ते दिसत होतं. मग हळूच म्हणाली, "हसली ती?"

"हसली."

"म्हणे बिनचूक, असंच म्हणाली?"

"शब्दशः."

लेकीने नाक पुसलं आणि बाहेर जाऊन उभी राहिली. काका उठणार तोच कुणीतरी बाकाच्या टोकाशी येऊन थांबलं. टेलरबाई गेली नव्हती.

"हेही म्हणाले होते," ती म्हणाली. "भीती वाटतेय म्हणून."

काका उठता उठता थांबले.

"मी म्हटलं, असं बोलू नये, विश्वास ठेवा. मला वाटलं मी धीर देतेय." तिने बाकाची कड घट्ट धरली. "मग ते काही बोललेच नाहीत. आणखी तासभर होते हो. तासभर गप्प राहिले."

काकांना खूप काही बोलावंसं वाटलं. तुमची चूक नाही, असं म्हणता आलं असतं. पण ते त्यांना ठाऊक नव्हतं. ते थोडे सरकले आणि बाकावर जागा केली.

ती बसली. "कुणाला सांगितलं नाही मी. पहिल्यापासून सांगू?"

"सांगा."

ती सांगू लागली. मध्येच अडखळली, मागे गेली, तेच पुन्हा सांगितलं, तरी काकांनी तिला कुठे सरळ केलं नाही. झाडलोट करणारी बाई आली आणि एकेक करत खिडक्या लावू लागली. तिसऱ्या बाकाजवळच्या खिडकीपाशी ती आली, दोघांकडे पाहिलं, ती खिडकी तशीच उघडी ठेवली आणि झाडू घेऊन बाहेर गेली.