लव्हाळ्यापाशी खणलेला खड्डा

वस्तीबाहेरच्या उतारावर एकवीस झाडं होती, मोडक्या कुंपणाचे नऊ खांब होते आणि सगळ्यात खालच्या कोपऱ्यात लव्हाळ्याचे चौदा ठोंब. हे सगळं मोजपट्टीने स्वतः मोजलं होतं. नगर समितीच्या कार्यालयात माती तपासायच्या कामावर लागल्यापासून तिला सगळे मोजपट्टीच म्हणत. लव्हाळा पाणी साचतं तिथेच माजतो, हे काही तिला कुणी सांगायला नको होतं.

त्या उतारावर कमी किमतीची चाळीस घरं व्हायची होती. त्यातलं एक तिच्या दादा-वहिनीचं. मात्र इथे गटारं नसल्याने सांडपाणी जमिनीतच मुरवायला लागे. म्हणून आधी खड्डा खणायचा, त्यात पाणी ओतायचं आणि ते किती लवकर मुरतं ते पाहायचं, नाही मुरलं तर घरं नाहीत, असा नियम होता. खड्डा कुठे, ते समिती ठरवणार.

समितीच्या अध्यक्षांना सगळे काका म्हणत. त्यांचा बंगला उताराला लागूनच होता. ते तिला थेट लव्हाळ्यापाशी घेऊन गेले.

"इथं खण."

"काका, वरच्या अंगाला एखादा..."

"अगं, एक म्हणजे एक. पुढच्या बैठकीत तुला कायम करायचा विषय आहे, ठाऊक आहे ना?" त्यांनी मायेनं तिच्या पाठीवर थाप मारली.

तिने खणलं. ओतलेलं पाणी जागचं हललं नाही. आकडा लिहून तिने खाली सही ठोकली. आकडा खोटा नाही, असं ती स्वतःला बजावत राहिली. घरं नामंजूर झाली आणि ती कायम झाली.

त्या आनंदात वहिनीनं तिला जेवायला बोलावलं. त्यांचं घर म्हणजे गॅरेजच्या मागची एकच खोली. थोरली भाची टेबलाखाली अंथरूण घालत होती. हल्ली तिचे पाय बाहेर यायचे.

"मोजून वाढू का गं?" दादा हसला.

"गप्प बसा हो, आज तिचा दिवस आहे." वहिनी ताट पुढे सारत म्हणाली, "खरं सांगू? मला वाटलं होतं, काकांनीच काहीतरी डाव टाकला. पण मोजणारी तू होतीस म्हटल्यावर मनातलं किल्मिष गेलं. जमीनच तसली, तिला कोण काय करणार?"

मोजपट्टीने हातातला घास परत ताटात ठेवला.

"तिखट झालं का?" वहिनीनं पाण्याचा पेला पुढे केला. तिने तो मान खाली घालून संपवला.

सुट्टीच्या दिवशी कुदळ आणि बादली घेऊन ती उतारावर गेली. वरच्या अंगाला तिने तीन खड्डे खणले. ओतलेलं पाणी बघता बघता जमीन पिऊन टाकत होती.

पुढच्या बैठकीला दादा-वहिनी मागच्या बाकावर बसले होते. मोजपट्टी उठली.

"तो खड्डा मी ओल्या कोपऱ्यात खणला होता," ती म्हणाली. "तिथं पाणी मुरणार नाही, हे मला खणायच्या आधीच माहीत होतं. वर मी पुन्हा तीन ठिकाणी पाहिलं. तिथं छान मुरतं."

"वर खणायला तुला कुणी सांगितलं?" काकांनी विचारलं.

"कुणीच नाही."

"मग आमच्या लेखी ते खड्डेच नाहीत. उंदरांनी केले असतील!" दोघं-तिघं खो-खो हसले. "पण उगाच कुणाची नाराजी नको. मत घेऊ. ज्या सभासदांना नवे खड्डे हिशेबात धरायचेत त्यांनी हात वर करा. मोज गं, तुझ्याइतकं चोख कोण मोजणार?"

हात मोजायला तिला मागे, सभासदांच्या बाकांकडे वळावं लागलं. दादा खाली बघत होता. वहिनी तिच्याकडेच बघत होती, ओळख नसल्यासारखी.

मोजपट्टीने एकदा मोजलं, मग पुन्हा मोजलं.

बाजूने चार. विरोधात सात.