धक्कोबाचं झबलं

बोलायचं ते आता बोलून घेतो, कारण माझ्यात जीव किती उरलाय हे माझं मलाच सांगता येत नाही. मी गाडीचा जंप स्टार्टर. नाव भारदस्त असलं तरी मूर्ती लहान, एखाद्या जाडजूड पुस्तकाएवढी. पोटात लिथियमच्या पातळ थैल्या एकावर एक रचलेल्या, अंगावर चार बारीक दिवे, आणि दोन हात: एक लाल चिमटा, एक काळा.

आम्हा मंडळींचं काम तसं थोडकं असतं. गाडीची बॅटरी उतरली, किल्ली फिरवल्यावर नुसतं टिक् टिक् ऐकू यायला लागलं, की आम्हाला बोलवायचं. आम्ही एका दमात ताकद लावायची, इंजिन सुरू झालं की बाजूला व्हायचं. बाकीचा जन्म वाट बघण्यात जातो. त्याची मला कधी खंत नव्हती.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यातला. तिथल्या एका बाईने मला डब्यात भरण्याआधी माझ्या पोटावरून अंगठा फिरवून पाहिला होता, सपाट आहे ना म्हणून. त्यानंतर तसा अंगठा कोणीच फिरवला नाही.

मला विकत घेतलं ते चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासणाऱ्या एका मुलीने. घरात ती, तिची आई आणि बाबा. बाबांची मूत्रपिंडं थकलेली. आठवड्यातून तीनदा सकाळी त्यांना डायलिसिसला न्यावं लागे. गाडी जुनी पण इमानी होती, फक्त तिच्या बॅटरीने हात टेकले होते. एकदा सेंटरच्या दारातच गाडीने मान टाकली. नुकतेच खुर्चीवरून उठून बाहेर आलेले बाबा, पाय लटपटताहेत, आणि मुलगी अनोळखी माणसांना विनवतेय, जरा धक्का मारता का म्हणून. त्याच दुपारी ती मला घेऊन आली.

बाबांनी उभं आयुष्य छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवलं होतं. मला हात लावण्याआधी त्यांनी माझ्यासोबतची माहितीपुस्तिका उचलली आणि पेन्सिल घेऊन पहिल्या पानापासून बसले.

"अगं, काय छापलंय हे! एका वाक्यात तीन चुका!"

"अहो, तुम्हाला गाडी चालू करायचीय की पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायचीय?" आई शिलाई मशीनवरून म्हणाली.

पण पुस्तिका त्यांची तोंडपाठ झाली. पुढच्या वेळी गाडी अडली तेव्हा त्यांनी पुढच्या सीटवर बसूनच सूत्रं हलवली. "लाल आधी. अधिकच्या खुणेवर. काळा बॅटरीला नको, इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, लांब. चिमटे एकमेकांना लागू देऊ नकोस हं. आता मार किल्ली. पुरे! लगेच दुसऱ्यांदा नको, त्याला जरा दम खाऊ दे." मी दम खाल्ला, दुसऱ्यांदा जोर लावला आणि इंजिन धडधडायला लागलं. बाबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "आता गाडीला धक्का नको. हा आपला धक्कोबा!"

तेव्हापासून मी धक्कोबा. रोज संध्याकाळी ते माझं बटण दाबायचे, चार दिवे लागले की समाधानाने मान हलवायचे. दिवसाला पाण्याचे घोट किती घ्यायचे तेही ज्याला दुसरे मोजून सांगतात, त्या माणसाकडे घरातलं एक तरी खातं आलं होतं. मला ते फार आवडायचे. हे सांगायला मला मुळीच लाज वाटत नाही.

माझं नष्टचर्य सुरू झालं ते माझ्याच चांगुलपणामुळे. गॅरेजवाला म्हणाला होता, "बॅटरी बदलून टाका. असे धक्के किती दिवस खाणार?" त्यावर बाबा ऐटीत म्हणाले, "धक्कोबा आहे ना!" मुलगी म्हणाली, पुढच्या सुट्टीला बदलू. पुढची सुट्टी आली की ती बाबांच्या तपासण्यांत जायची, नाहीतर झोपेत. बिचारी दमलेली असायची. त्यामुळे अडीनडीला यायचा पाहुणा मी, पण घरजावई होऊन बसलो. एक दिवसाआड मला जुंपायचे आणि एक दिवसाआड पुन्हा भरायचे.

आता आईबद्दल सांगतो. ती घरीच कपडे शिवते, आणि तिला कुठलीही वस्तू उघडी बघवत नाही. मिक्सरला कव्हर, रिमोटला कव्हर, फ्रिजच्या मुठीला बाही. बाबांचा सुया टोचून टोचून काळानिळा झालेला हात टेकायला एक मऊ उशी. नवऱ्याच्या दुखण्यापुढे तिचं काही चालत नव्हतं, मग जिथे सुई चालेल तिथे ती चालवायची. तिची नजर माझ्यावर न पडती तरच नवल.

तिने मला जाड कापडाचं, आत कापूस भरलेलं, पुढे बटणं लावलेलं कव्हर शिवलं. दिवे दिसावेत म्हणून त्यांच्यापुरतं नेमकं काज केलं, वायरसाठी वेगळी फट ठेवली. कामात बाई एक नंबर.

"झबलं शिवलंस की गं धक्कोबाला!" बाबा हसले.

"मग? रोज राबतो बिचारा. धूळ खाऊन मरायचा एक दिवस."

खोटं कशाला बोलू, पहिले काही दिवस मी हरखून गेलो होतो. आमच्यासाठी कोण शिवतं हो?

पण चार्ज होताना मी तापतो. उघड्यावर, टणक जागी ठेवलं तर ती ऊब हवेत निघून जाते. मला मात्र झबल्यासकट चार्जिंगला लावायचे, आणि तेही पलंगावरच्या गादीवर, पडून पोचा येऊ नये म्हणून. भरून झालं की मुलगी मला गाडीत मागच्या काचेखाली ठेवायची, सकाळी विसरायला नको म्हणून. दिवसभर गाडी दुकानामागे उन्हात उभी. आत भट्टी पेटायची आणि मी कापसात गुंडाळलेला. पुस्तिकेत हे सगळं होतं: झाकून चार्ज करू नये, तापलेल्या गाडीत ठेवू नये. त्या वाक्यांवर बाबांची पेन्सिल फिरलेलीही होती. पण चुका शोधणारी नजर अक्षरावर थांबते, अर्थापर्यंत जात नाही. त्यांच्या धंद्यानेच ती तशी घडवली होती.

एका दुपारी माझ्या आतली एक थैली फुगली. दुखलं म्हणू का? आतून कोणीतरी हळूहळू ढकलत होतं. कोणी झबल्याचं एक बटण सोडून बघितलं असतं तरी पुरे होतं. बघितलं कोणी? काजातून चार दिवे हसत होते. दिवे खोटारडे नाहीत, पण ते फक्त किती भरलोय तेवढं सांगतात. बरा आहे का, ते नाही सांगत.

थोड्या दिवसांनी झबल्याचं बटण लागेना.

"धुतल्यावर आटलं वाटतं कापड," आई म्हणाली. "काही हरकत नाही. आत माया सोडलीय मी."

आणि तिने शिवण उसवून झबलं सैल करून दिलं.

आई गं, कापड नाही आटलं, मी फुगलोय! माझ्यात आवाज असता तर मी त्या घराची कौलं हलवली असती. पण मला ना तोंड, ना डोळे वटारता येत, ना अंग आक्रसता येत. तिने ओठात धरलेल्या टाचण्या, नाकावर घसरलेला चष्मा, कपाळावरचा घाम, सगळं मी इतक्या जवळून पाहिलं, आणि एक शब्द मला सांगता आला नाही. पुढे झबलं पुन्हा दाटलं. तेव्हा माया संपली होती, म्हणून तिने बाजूला जोडकापडाची एक कळी घातली. "आता बसेल मापात," म्हणाली. त्या दिवशी मी सीटवर बाबांच्या शेजारी होतो. मी पेटलो असतो तर त्यांना उठून पळताही आलं नसतं. गाडीच्या प्रत्येक हिसक्याला मी हाच विचार करत होतो.

मग तो आठवडा आला. सेंटरमधलं पाणी शुद्ध करणारं यंत्र बिघडलं आणि बाबांची एक पाळी हुकली. पुढच्या पाळीच्या सकाळी त्यांना बोलताना धाप लागत होती. पाय सुजून चपलेत मावत नव्हते. मुलीने त्यांना कसंबसं गाडीत बसवलं, किल्ली फिरवली. टिक्.

पुन्हा फिरवली. टिक् टिक्.

तिने मला ओढून बाहेर काढलं. बटणं इतकी ताणलेली की सुटेनात. आईने धावत जाऊन कात्री आणली आणि झबलं उभं कापलं.

मी उघडा पडलो. माझं पोट कुकरवर ठेवलेल्या झाकणासारखं वर आलं होतं, कडेचा सांधा उकललेला, आणि आतून गोडसर, उग्र वास येत होता.

"हे... हे एवढं कधी झालं?" मुलगी म्हणाली.

आईने कळीवर, सैल केलेल्या शिवणीवर बोट फिरवलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. तिला समजलं होतं. पण नवरा शेजारी धापा टाकत होता, रडायला फुरसत नव्हती.

"दिवे आहेत ना? चारही आहेत! एकदाच लाव गं. एकदाच. मग देऊ फेकून."

मुलीने चिमटा उचलला. मी गाडी सुरू करू शकलो असतो असं मला वाटत होतं. आणि तिच्या तोंडासमोर पेटू शकलो असतो, हेही मला ठाऊक होतं. लाव म्हणू की नको म्हणू? म्हणायला मला जमणार कुठे होतं!

"नाही," बाबा म्हणाले. एकेक शब्द ओढून काढत होते. "फुगलेला... लावायचा नाही. तू... वाकून लावतेस. तोंड असतं तुझं... तिथे."

"बाबा, एकच सेकंद. काही नाही होत."

"ठेव खाली. सिमेंटवर. लांब."

"अहो, हट्ट करू नका हो आता!" आई ओरडली.

"मी सांगतो... ना. ठेव."

मुलीने मला अंगणाच्या टोकाला ठेवलं. मग फोनाफोनी. रुग्णवाहिका दुसरीकडे गेलेली. शेजाऱ्यांच्या गाड्या कामावर गेलेल्या. टॅक्सी शोधायला मुलगी रस्त्यापर्यंत पळाली. ती येईपर्यंत आई गाडीच्या उघड्या दारात उभी राहून बाबांना वारा घालत होती. हातात कापलेलं झबलं होतं, त्यानेच. बाबा डोळे मिटून श्वास वेचत होते. टॅक्सी आली, ती बऱ्याच उशिरा आली.

बाबा परत आले नाहीत. थोडे लवकर पोचलो असतो तर, असं मुलीने डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही.

गाडीला नवी बॅटरी बसली. इतके दिवस पुढे ढकललेलं ते काम गॅरेजवाल्याने चहा निवायच्या आत उरकलं. मला बघून तो मागे सरला. लांब सांडशीने उचलून त्याने मला वाळूच्या बादलीत ठेवलं. "याला चार्ज करू नका, दाबू नका, कचऱ्यात तर टाकूच नका. जुन्या बॅटऱ्या घेणाऱ्या केंद्रात पोचवा. तोवर घरापासून लांब, सावलीत." मुलगी हो म्हणाली. पण दुःखाच्या घरात एका बादलीकडे कोण बघतं? पुढच्या सुट्टीला नेऊ, असं तिने ठरवलंय.

तुमच्या घरी माझा कोणी भाऊबंद असेल तर एवढं करा. त्याला मायेने काही घालू नका, उघडाच ठेवा. चार्जिंगला लावाल तेव्हा डोळ्यांसमोर लावा, उन्हातल्या गाडीत सोडून जाऊ नका. अधूनमधून त्याच्या पोटावरून अंगठा फिरवा. आणि थकलेल्या बॅटरीचं ओझं त्याच्या गळ्यात कायमचं मारू नका.

आज मुलगी दुकानात गेल्यावर आई बाहेर आली. अंगणात माझी बादली ठेवलेल्या कोपऱ्यात ऊन आलं होतं. मनाई आहे तरी ती माझ्याजवळ उकिडवी बसली.

"खरं सांग," ती म्हणाली. "सुरू झाली असती का रे गाडी?"

सुरू झाली असती म्हणावं, तर तिने जोर धरला नाही म्हणून ते गेले असं होतं. नसती झाली म्हणावं, तर तिच्या सुईने माझा घात केला असं होतं. आयुष्यभर वाचा नाही म्हणून तडफडलो, आज ती नाही याचं बरं वाटलं. मला एवढंच सांगायचं होतं की ऊठ, आई, इथे बसू नकोस, माझं अंग तापायला लागलंय.

ती उठली. पण आत गेली नाही. मला ऊन लागतंय हे तिच्या लक्षात आलं होतं. तिने बादलीची कडी धरली आणि मला ओढत ओढत घराच्या सावलीत आणलं, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. वरून पदराने कडीवरची धूळही पुसली.

खिडकी उघडी आहे. आत ती चहाचं आधण ठेवतेय. मुलगी यायला अजून वेळ आहे, सुट्टीला त्याहून. या वाटेने कोणी जात असाल, तर हाक मारून तिला बाहेर बोलवा हो, आणि मला घेऊन जा.